ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस: गाठीचा तुकडा दोन बाटल्यांत जाऊ द्या

माझ्या धाकट्याचं अंगावरचं दूध सोडवून दहा महिने झाले होते, तेव्हा डाव्या स्तनात बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी कडक, दुखरी गाठ हाताला लागली. आठवड्याभरात वरची कातडी लाल झाली. आधी अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. मग ‘गळू आहे’ म्हणून चीर देऊन पू काढला. ती जखम भरलीच नाही, उलट शेजारी दुसरं तोंड फुटलं. शेवटी बायोप्सी झाली, रिपोर्टात ‘ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन’ असे शब्द आले आणि त्याच संध्याकाळी टीबीची औषधं सुरू झाली. टीबीच आहे का, हे जंतू वाढवून पाहायला तुकडाच शिल्लक नव्हता. सगळा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रावणात, गेला होता, आणि फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात. पुन्हा एकदा सुई टोचून घेतली, तेव्हा कुठे ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसचं निदान झालं.

मी डॉक्टर नाही. पण त्या काळात सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि सांधेविकारतज्ज्ञ अशा तिघांना मी विचारून विचारून भंडावलं, आणि त्यांनी समजावलेलं वहीत उतरवत गेले. ज्या बाईला आज गाठ लागली आहे आणि जिच्या हातात अजून पहिला रिपोर्टही आलेला नाही, तिच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचे जे डोस पुढे येतील ते डॉक्टरांचं बोलणं समजावं म्हणून दिलेत, स्वतःच्या मनाने घेण्यासाठी नाहीत.

आजार कसला आहे

इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस हे पूर्ण नाव. डॉक्टर त्याला ‘जीएम’ किंवा ‘आयजीएम’ म्हणतात. ‘मॅस्टायटिस’ म्हणजे स्तनाची सूज, ‘इडिओपॅथिक’ म्हणजे ज्याचं कारण नक्की ठाऊक नाही असा. वैद्यकात त्याची स्वतंत्र नोंद १९७२ मध्ये केसलर आणि वोलॉक या दोघांनी केली. त्याआधी अशा गाठींना टीबी किंवा कॅन्सर समजलं जाई, आणि ती गल्लत आजही होते.

स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक ग्रंथींचे घोस असतात. एखाद्या घोसाला इजा होते, दुधासारखा स्राव आजूबाजूच्या चरबीत झिरपतो, आणि शरीर त्या स्रावालाच परकं समजून त्याच्याभोवती पेशींची तटबंदी उभारतं, अशी सध्याची समजूत आहे. ही तटबंदी म्हणजे ग्रॅन्युलोमा. त्यातून सूज येते, पू होतो, कातडीला छिद्रं पडतात. बहुतेक रुग्ण विशी ते चाळिशीच्या घरातल्या असतात, आणि शेवटचं बाळंतपण किंवा अंगावर पाजणं होऊन थोडीच वर्षं झालेली असतात. आजार सहसा एकाच बाजूला होतो, पण दुसऱ्या बाजूला नंतर होऊ शकतो.

हा कॅन्सर नव्हे, आणि तो पुढे कॅन्सर होतो असंही दिसलेलं नाही. घरात कुजबुज सुरू झाली असेल तर हे आधी मोठ्याने सांगून टाका. मात्र सांगण्याआधी कॅन्सर नाही याची खात्री तपासणीने झालेली हवी.

पहिले दोन आठवडे

बाळ अंगावर पीत असेल, ताप असेल, स्तन एकदम लाल आणि गरम झाला असेल, तर बहुधा ती दूध साठून झालेली नेहमीची सूज असते. योग्य अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत फरक दिसायला लागतो. म्हणून पहिला कोर्स घेणं चूक नाही. चूक होते ती दुसऱ्या, तिसऱ्या कोर्सला. दहा-चौदा दिवसांत गाठ कमी होत नसेल, तर औषध बदलत बसण्यापेक्षा सोनोग्राफी आणि बायोप्सीकडे वळायचं. अंगावर पाजणं थांबून महिने-वर्षं झालेल्या बाईने तर इतकीही वाट पाहू नये.

या दिवसांत तीन गोष्टी करा. लाल भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि दर दोन दिवसांनी त्याच उजेडात फोटो काढा, ‘वाढलंय का?’ या प्रश्नाला डॉक्टरांना खरं उत्तर मिळतं. शेवटचं बाळंतपण, दूध कधी सुटलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरात कुणाला टीबी झाला होता का, हे एका कागदावर तारखांसह लिहा. आणि गाठीवर काही लावू नका. पोटीस, बिब्बा, गरम विटेचा शेक यांनी ताणलेली कातडी भाजते आणि जिथे छिद्र पडलं नसतं तिथे ते पडतं.

पायांच्या नडग्यांवर दुखरे लाल गोळे आले, घोटे सुजले, तर तेही त्याच कागदावर लिहा. याला एरिथेमा नोडोसम म्हणतात, आणि तो या आजाराबरोबर येतो. मी पायांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे आणि छातीसाठी सर्जनकडे वेगवेगळी जात होते. दोघांनाही दुसऱ्या दुखण्याचा पत्ता नव्हता, कारण मीच सांगितलं नव्हतं.

कॅन्सर आधी बाजूला काढायचा

इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर नावाचा एक कॅन्सर आहे. तो विरळा आहे पण वेगाने वाढतो, आणि वरून बघताना सुजेसारखाच दिसतो. काही आठवड्यांत स्तनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग लाल होतो, सुजतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची होते. हातात धरता येईल अशी गाठ नसूही शकते. असं दिसत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच आठवड्यात ब्रेस्ट सर्जन गाठा. तिथे गाठीच्या तुकड्याबरोबर कातडीचाही छोटा तुकडा तपासायला घेतात.

जीएममध्येही बोंड आत ओढलं जातं, काखेत गाठ लागते. सोनोग्राफीत वेड्यावाकड्या कडांचा काळपट भाग आणि त्यातून निघालेल्या नळ्यांसारख्या वाटा दिसतात. चाळिशीच्या आसपास किंवा पुढे असाल तर मॅमोग्राफीही करतात. रिपोर्टात ‘बायरॅड्स ४’ किंवा ‘५’ लिहून आलं की पोटात गोळा येतो. त्या आकड्याचा अर्थ ‘कॅन्सरचा संशय आहे, तुकडा तपासा’ एवढाच. जीएमच्या कितीतरी बायकांना हाच आकडा मिळतो, कारण चित्र खरोखर तसंच दिसतं. निकाल चित्रावर लागत नाही, तुकड्यावर लागतो.

बायोप्सीचा दिवस

या लेखात दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढा भाग राहू द्या.

बारीक सुईने पेशी ओढून घेतात त्या तपासणीला एफएनएसी म्हणतात. ती स्वस्त आणि झटपट होते, पण इथे अपुरी पडते. ग्रॅन्युलोमा दिसतो, आणि ग्रॅन्युलोमा टीबीतही दिसतो. हवी ती कोअर बायोप्सी: जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, जाड सुईने शेवयांसारखे बारीक लांबट तुकडे काढतात. ‘टक’ असा स्टेपलरसारखा आवाज येतो, त्याने दचकायला होतं, पण दुखत नाही म्हटलं तरी चालेल. चार-पाच तुकडे निघाले की नर्स ते बाटलीत टाकते.

इथे थांबवायचं. आधीच, सुई टोचण्यापूर्वीच, विचारून ठेवायचं: “एक बाटली फॉर्मलिनची आणि एक निर्जंतुक सलाइनची, अशा दोन करणार ना?” फॉर्मलिनमधला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पॅथॉलॉजीला जातो. त्याने कॅन्सर कळतो, ग्रॅन्युलोमा कळतो. सलाइनमधला तुकडा मायक्रोबायॉलॉजीला जातो. तिथे जंतू जिवंत हवेत. पू निघत असेल तर तोही सलाइनच्या बाजूला, सिरिंजमध्ये किंवा निर्जंतुक डबीत पाठवायचा. कापसाच्या बोळ्यावर घेतलेला नमुना फारसा कामाचा नसतो.

मायक्रोबायॉलॉजीच्या फॉर्मवर काय लिहायचं हे डॉक्टर ठरवतील, पण पुढच्या ओळी मी दुसऱ्या वेळी कागदावर नेल्या होत्या आणि माझ्या सर्जनबाईंनी त्या तशाच फॉर्मवर उतरवल्या:

‘ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसचा संशय. ग्राम स्टेन, नेहमीचं कल्चर, एएफबी स्मिअर, सीबीनॅट, टीबीचं द्रव माध्यमातलं कल्चर, बुरशीचं कल्चर. कोरिनेबॅक्टेरियम शोधावा, प्लेट्स किमान सात दिवस ठेवाव्यात.’

यातलं कल्चर म्हणजे जंतू प्लेटवर किंवा द्रवात वाढवून पाहणं, ग्राम स्टेन आणि एएफबी स्मिअर म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधणं, आणि सीबीनॅट म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. कोरिनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेटी नावाचा एक जंतू या आजाराच्या काही रुग्णांमध्ये सापडतो. त्याला चरबी आवडते, म्हणून तो स्तनात रमतो, आणि साध्या प्लेटवर हळूहळू, बारीक बारीक वाढतो. दोन दिवसांनी प्लेट फेकली तर ‘नो ग्रोथ’ असा रिपोर्ट येतो. वाढला तरी याच घराण्यातले जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतात, त्यामुळे ‘डिफ्थेरॉइड्स, बहुधा कातडीवरचे’ असं लिहून विषय संपवला जातो. लॅबला संशय आधी सांगितलेला असेल तर ते तसं करत नाहीत. पॅथॉलॉजिस्टलाही सांगून ठेवा: ग्रॅन्युलोमाच्या मध्ये बारीक रिकाम्या पोकळ्या आणि त्यांच्याभोवती न्यूट्रोफिल पेशी दिसल्या तर त्या पोकळ्यांत ग्राम स्टेनने जंतू शोधायला हवेत.

स्लाइड्स आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक लॅबकडे राहतो. दुसरं मत घ्यायचं झालं तर तो मागून घेता येतो. नुसता रिपोर्टचा कागद घेऊन गेलं तर दुसरा पॅथॉलॉजिस्ट काहीच बघू शकत नाही.

टीबी आहे की नाही

आपल्याकडे टीबी इतका आहे की ग्रॅन्युलोमा दिसला की हात आपसूक एकेटीच्या, म्हणजे टीबीच्या औषधांच्या, पाकिटाकडे जातो. स्तनाचा टीबी खरोखर असतो. इंग्लंडच्या ॲस्टली कूपर या सर्जनने १८२९ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. त्यामुळे डॉक्टरांचा संशय वाजवी आहे. प्रश्न पुराव्याचा आहे.

टीबीच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी: ग्रॅन्युलोमाच्या मध्यभागी चीजसारखा भुगा झालेला भाग, झेडएन स्टेन या टीबीसाठीच्या रंगात लाल दिसणारे जंतू, सीबीनॅट पॉझिटिव्ह, कल्चरमध्ये टीबीची वाढ, छातीच्या एक्स-रेत टीबीच्या खुणा. यातलं सीबीनॅट काही तासांत उत्तर देतं आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का तेही सांगतं. पण स्तनाच्या तुकड्यात जंतू फार थोडे असतात, म्हणून ते निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं ठरत नाही. द्रव माध्यमातल्या कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. हाताच्या कातडीत टोचून करतात ती मान्टू चाचणी पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर फार भर टाकू नये. भारतात कितीतरी निरोगी माणसांचा हात तिने सुजतो.

पुरावा असेल तर एकेटी पूर्ण घ्यायची, एकही दिवस न चुकवता. सरकारी कार्यक्रमात ती मोफत मिळते, नाव निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंदतात. पुरावा नसेल, बाई धडधाकट असेल, तर सहा आठवडे कल्चरची वाट पाहायची की आधीच औषध सुरू करायचं, हे डॉक्टरांशी उघड बोला. माझं मत वाट पाहण्याच्या बाजूचं आहे. एकेटी यकृताला जड जाऊ शकते, आणि तिच्यातलं रिफॅम्पिसिन गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि स्टेरॉइडचाही असर कमी करतं.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणीच सुरुवातीला सांगितली नाही. ‘एकेटीने गाठ कमी झाली, म्हणजे टीबीच होता’ हा निष्कर्ष इथे टिकत नाही. रिफॅम्पिसिन कोरिनेबॅक्टेरियमवरही चालतं. शिवाय जीएम बऱ्याच जणींमध्ये काही महिन्यांत आपोआपच ओसरतो.

रक्त, आणि ॲसिडिटीची कॅप्सूल

प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक. ते वाढलेलं असेल तर आजार भडकतो आणि परत परत येतो, म्हणून ते तपासतात. पाजत असाल किंवा गरोदर असाल तर ते वाढलेलंच असणार. नसाल, आणि तरीही जास्त आलं, तर आधी औषधांची यादी बघा. रिस्पेरिडोनसारखी मानसिक आजारांवरची औषधं ते वाढवतात. आणि आपल्याकडे घरोघरी घेतात त्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलही: पाकिटाच्या मागे डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड लिहिलंय का पाहा. दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला दिलेली गोळीही कित्येकदा डोम्पेरिडोनचीच असते. ॲसिडिटीचं औषध डॉक्टरांना सांगून बदलता येतं. मानसिक आजाराचं औषध मात्र परस्पर बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. औषधाचं कारण नसेल तर मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचा एमआरआय सांगतात.

याच सुमारास साखर, यकृत, मूत्रपिंड, हिमोग्राम, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही यांच्या तपासण्या होतात. स्टेरॉइड द्यायचं झालं तर त्या आधी हव्यात.

उपचार

पहिला उपचार धीर हाच आहे, हे ऐकायला बरं वाटत नाही. लहान, पू नसलेली, फार न दुखणारी गाठ असेल तर वेदनाशामक गोळ्या आणि दर तीन-चार आठवड्यांनी तपासणी एवढ्यावर ठेवतात. बरं व्हायला सहा महिने, वर्ष, क्वचित त्याहून जास्त लागतं.

पू झाला असेल तर तो काढावा लागतो, पण सुईने, सोनोग्राफीत बघून, लागेल तितक्या वेळा. मोठी चीर शक्यतो टाळायची. या आजारात कापलेली कातडी नीट जुळत नाही आणि जखमेचं वाहतं छिद्र होतं. माझं झालं ते हेच.

कोरिनेबॅक्टेरियम सापडला, किंवा पोकळ्यांत जंतू दिसले, तर डॉक्सिसायक्लिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखी, चरबीत शिरणारी औषधं काही आठवडे देतात. नेहमीची पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तिथे नीट पोचत नाहीत. सुरुवातीचे कोर्स का वाया गेले असतील, त्याचा एक उलगडा यात आहे. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि लगेच आडवं पडायचं नाही. गरोदरपणात ते चालत नाही.

आजार पसरलेला असेल तर स्टेरॉइड. साधारण दर किलो वजनाला अर्धा ते एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे ६० किलोच्या बाईला ३० ते ६० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर. दोन-तीन आठवड्यांत गाठ मऊ होऊ लागते, आणि नेमकी तिथेच फसगत होते. ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या सोडल्या की गाठ परतते, आणि एकदम सोडल्याने शरीराचंही बिघडू शकतं. डोस आठवड्यांगणिक उतरवायचा असतो. पूर्ण कोर्स काही महिन्यांचा होतो. साखर, रक्तदाब, वजन, झोप यांवर लक्ष हवं. चेहरा गोल होतो, तो नंतर उतरतो. टीबीचा प्रश्न सुटल्याशिवाय किंवा निदान नीट विचारात घेतल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करू नये, कारण दडलेला टीबी त्याने उसळतो.

पोटातून इतकं स्टेरॉइड नको असेल तर गाठीतच ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन आणि वरून स्टेरॉइडचं मलम असाही मार्ग आहे. काही ठिकाणी आता तो आधी वापरतात. आजार मर्यादित असेल तर त्याबद्दल जरूर विचारा.

स्टेरॉइड कमी करताना गाठ परतत असेल तर मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती शमवणारं औषध येतं. हे सहसा सांधेविकारतज्ज्ञ देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, पाकीट घरातल्या रोजच्या औषधांच्या डब्यात ठेवू नका. सोबत फॉलिक ॲसिड आणि ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे औषध पूर्ण वर्ज्य आहे. सुरू करण्याआधी गरोदर नसल्याची चाचणी, चालू असताना भरवशाचं गर्भनिरोधन, आणि पुढे मूल हवं असेल तर औषध थांबवून किती महिने थांबायचं ते आधीच विचारून घ्या.

प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल तर ते उतरवायला कॅबरगोलिन किंवा ब्रोमोक्रिप्टिन.

शस्त्रक्रिया सगळ्यात शेवटी. औषधांना न जुमानणारी, एका जागी आवळलेली गाठ पूर्ण काढतात. सूज भरात असताना कापलं तर जखम चिघळते आणि आजार परतण्याचा धोका राहतो. या आजारासाठी पूर्ण स्तन काढण्याचा सल्ला मिळाला तर सही करण्याआधी ब्लॉक घेऊन दुसऱ्या ब्रेस्ट सर्जनकडे जा.

रोजचं

वाहती जखम साबण-पाण्याने धुता येते. आंघोळीनंतर कोरडी करून निर्जंतुक गॉज, वर मऊ सुती कापड. वायर नसलेली, पुढून उघडणारी, एक माप मोठी ब्रा. चिकटपट्टीने कातडी सोलवटत असेल तर पट्टी कातडीला न लावता गॉज ब्रामध्येच धरून ठेवा. मी जुन्या सुती साडीचे चौकोन शिवून, उकळून, उन्हात वाळवून वरच्या कापडासाठी वापरले.

३८.५ अंश सेल्सिअसवर (सुमारे १०१ फॅरनहाइट) ताप, थंडी वाजून येणं, लाली पेनाच्या रेघेबाहेर झपाट्याने जाणं, बोंडातून रक्त, स्टेरॉइडवर असताना काळी शी किंवा खूप तहान-लघवी, मेथोट्रेक्सेटवर असताना तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा दम: यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

बाळ पीत असेल तर दुसऱ्या बाजूने पाजणं बहुतेक वेळा चालू ठेवता येतं. दुखऱ्या बाजूचं काय करायचं, हे पू कुठून येतो आणि कोणतं औषध चालू आहे यावर ठरतं.

बरं झाल्यावर

गाठ गेल्यावरही पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी दाखवायला जा, कारण परतण्याची शक्यता असते. जागा थोडी आत गेलेली, घट्ट राहते. तिथे हाताला जे लागतं ते सगळं आजारच असतं असं नाही, म्हणून एकदा सर्जनकडून ‘माझं आताचं नेहमीचं काय’ हे समजून घ्या. पुढचं बाळंतपण करता येतं; त्या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्या भेटीतच या आजाराची फाइल दाखवा. फाइलमध्ये दोन्ही बायोप्सींचे रिपोर्ट, कल्चरचे रिपोर्ट, ब्लॉकचा नंबर, स्टेरॉइड कधी किती उतरवलं त्याचा तक्ता आणि ते तारखांचे फोटो असू द्या. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर सर्जनबाईंनी लाल पेनाने लिहिलंय: ‘चीर देऊ नये. आधी सोनोग्राफी, पू असल्यास सुईने, नमुना दोन बाटल्यांत.’